गोधडीचे टाके ठरतात तेव्हा

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळाच्या बायका हिवाळ्यात एकत्र बसून गोधड्या शिवतात, हे बहुतेकांना ठाऊक आहे. गणेशोत्सवात त्या गोधड्या मांडल्या की लोक रंग बघून थांबतात, जुन्या साड्यांचे काठ ओळखतात आणि पुढे जातात. माझी विनंती आहे की यंदा थोडं वाकून टाके बघा. दोरा कोणत्या दिशेने गेला आहे, दोन ओळींत किती अंतर ठेवलं आहे, कोपऱ्यावर ओळ कशी वळली आहे, यावर गोधडीचं आयुष्य ठरतं. थर अंथरून झाले की या बायका सर्वांत जास्त वेळ याच गोष्टीवर बोलतात. त्या बोलण्यातूनच ही कला इथे टिकली आहे, असं माझं मत आहे.

आपल्या गावाकडची रीत आधी सांगते. वापरून मऊ झालेली सुती लुगडी, धोतरं, चादरी एकावर एक जमिनीवर अंथरायच्या. हात फिरवून सुरकुत्या काढायच्या आणि लांब कच्चे टाके घालून थर जागच्या जागी धरायचे. मग कडेपासून धावदोरा सुरू करायचा. एक बाजू संपली की कोपऱ्यावर वळायचं, चारी बाजू झाल्या की बोटभर आत सरकून पुढचा फेरा घ्यायचा. असे चौकोनी फेरे घेत मध्यावर पोहोचलं की गोधडी पुरी. मोठी वाकळ असली तर चार बाजूंना चौघी बसतात. काही घरांत फेऱ्यांऐवजी सरळ ओळी घालतात, पण जवळजवळ टाके सगळीकडेच. कापड आधीच झिजलेलं असतं; उद्या ते एखाद्या जागी विरलं तरी आजूबाजूचे टाके त्याला धरून ठेवतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकासुद्धा त्यांची कवंद अशीच कडेपासून मध्याकडे शिवत नेतात आणि कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या बसवतात.

अमेरिकेतली पद्धत उलट दिशेची. इथल्या क्विल्टमध्ये वर जोडकापड, मध्ये कापसाचा किंवा लोकरीचा पातळ थर आणि खाली अस्तर असतं. हातात गोल रिंग घेऊन शिवताना मध्यापासून बाहेर जायचं, म्हणजे सैल कापड कडेकडे सरकत जातं. आपण कडा आधी बांधतो, इथल्या बायका शेवटी बांधतात. दोघींपुढचा प्रश्न एकच आहे : मध्ये फुगा राहू नये. मंडळातल्या बायकांनी दोन्ही रीती शिकून घेतल्या, याचं मला विशेष वाटतं. ज्यांचे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत त्या रिंग घेऊन टेबलाशी बसतात, बाकीच्या खाली सतरंजीवर.

शिकायला जागाही चांगली मिळाली. पेनसिल्वेनियातली लँकेस्टर कौंटी इथून मोटारीने काही तासांवर आहे. तिथल्या अमिश बायकांच्या जुन्या क्विल्टमध्ये छापील कापड जवळजवळ नसतंच. गडद, एकरंगी लोकरी कापडाचे मोठे तुकडे, मध्ये एक भला मोठा शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन, आणि त्यावर हाताने भरलेली पिसांची वेल, गोफ, बारीक जाळी. कापड साधं असल्यामुळे प्रत्येक टाका दिसतो. चर्चमधल्या शिवणमंडळींत रूढ झालेली ‘बॅप्टिस्ट फॅन’ ही नक्षीही आमच्याकडे आवडती आहे. कोपर टेकवून हात जेवढा फिरेल तेवढी कमान, तिच्या आत लहान कमानी. आणि हवाई बेटांवरची रीत पाहिली की आपल्या फेऱ्यांची आठवण होतेच : कापून लावलेल्या पानाफुलांच्या कडेकडेने ओळीवर ओळ, थेट किनाऱ्यापर्यंत.

इतके पर्याय समोर आले की निवड कशी करायची? आमच्या बैठकांत जे ठरत गेलं ते इथे मांडते, कारण ते घरी शिवणाऱ्यांच्याही उपयोगाचं आहे.

पहिला विचार आतल्या थराचा. कापसाचा थर घातला असेल तर दोन ओळींत जास्तीत जास्त किती अंतर चालेल, हे बहुधा त्याच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. ते ओलांडलं की धुतल्यावर कापूस सरकतो आणि गोळे होतात. आत नुसत्या साड्याच असतील तर सरकण्याची भीती कमी. तिथे जीर्ण कापडाला आधार हवा म्हणून ओळी जवळ घ्याव्या लागतात.

दुसरा विचार वरच्या कापडाचा. छापील, फुलाफुलांच्या साडीवर मोर किंवा वेल काढली तर ती हरवून जाते, श्रम वाया जातात. तिथे सरळ ओळी किंवा चौकोनी फेरेच शोभतात. एकरंगी इरकलीचा पट्टा मिळाला तर नक्षी तिथे भरावी. रेशमाची गोष्ट आणखी वेगळी. सुती कापडातून दोरा उसवला तर छिद्र धुण्यात मिटून जातं, रेशमात सुईची खूण राहते. म्हणून रेशमी तुकड्यावर मोजक्याच ओळी, आधी नीट ठरवून. जरीचा काठ गालाला लागेल असा कधीच लावू नये.

तिसरा विचार पांघरणाऱ्याचा. बाळाच्या दुपट्यात लांब टाके नकोत, त्यात बोटं अडकतात. आणि ओळी फार दाटही नकोत, दुपटं ताठर होतं. मुलगी शिकायला बाहेर निघाली असेल तर तिची गोधडी वसतिगृहातल्या यंत्रात धुतली जाणार हे धरून चालायचं आणि दाट, सरळ, बळकट टाके घालायचे. आजोबांच्या पायांवर घ्यायची असेल तर वजन कमी ठेवायचं.

नक्षी कापडावर उतरवण्यापूर्वी आमच्या गटात पारदर्शक प्लास्टिक गोधडीवर पसरून त्यावर ती काढून पाहतात. पसंत पडली तर शिंप्याच्या खडूने किंवा साबणाच्या झिजलेल्या चकतीने आखतात. तिची रेघ पहिल्या धुण्यात निघून जाते. गेल्या हिवाळ्यात एका ताईंनी आईच्या सुती साड्यांची गोधडी घेतली होती. कोणी जाळी सुचवली, कोणी पिसांची वेल. मंडळाच्या शाळेत येणाऱ्या एका मुलीने चौकटीच्या वहीवर ठिपक्यांची रांगोळी काढून दाखवली. मग अशी रांगोळी निवडली की जिची रेघ हात न उचलता पुरी होते, म्हणजे दोरा सारखा तोडावा लागत नाही. ती मध्यभागी आली आणि तिच्या बाहेर कडेपर्यंत आपले चौकोनी फेरे. गोधडी अतिशय देखणी झाली. त्याहून मोलाचं म्हणजे इथे जन्मलेल्या त्या मुलीला फेरा म्हणजे काय, तो कोपऱ्यावर कसा वळतो, हे हाताने कळलं.

आपल्याच वस्तूकडे आपण कमी मानाने बघू नये. अमेरिकेतली क्विल्टसुद्धा घरातली वापराची वस्तूच होती. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने क्विल्ट भिंतीवर टांगून कलाकृती म्हणून दाखवल्या आणि लोकांची नजर बदलली. १९९७ मध्ये नेब्रास्काच्या विद्यापीठात जे केंद्र सुरू झालं ते आज आंतरराष्ट्रीय क्विल्ट म्युझियम म्हणून ओळखलं जातं आणि जगभरच्या क्विल्ट जपतं. आपल्याकडे मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर आस्थेने पुस्तक केलं. गावोगावच्या ज्या बायकांनी ते फेरे घातले, त्यांची नावं मात्र बहुतेक ठिकाणी कुठेच लिहिलेली नाहीत.

इथल्या क्विल्ट करणाऱ्या बायकांची एक सवय म्हणूनच आपण उचलावी. गोधडीच्या मागे कापडाची पट्टी लावून त्यावर शिवणारीचं नाव, गाव, वर्ष आणि साड्या कोणाच्या होत्या ते दोऱ्याने लिहून ठेवावं. आणि वाचकहो, पुढच्या वेळी भारतात जाल तेव्हा घरातली जुनी गोधडी बाहेर काढा, तिच्या टाक्यांचे जवळून फोटो घ्या, आजीला किंवा मावशीला फेरे कुठून सुरू केले ते विचारा. मऊ झालेल्या सुती साड्या देऊन टाकू नका, इकडे घेऊन या. हिवाळ्यातल्या बैठकीला या. सुई धरता येत नसली तरी चालेल, शिकवायला आपल्या मंडळात जाणत्या बायका आहेत.