'मार्व्हल : अल्टिमेट अलायन्स २' : निवडीचे कथन आणि त्याच्या मर्यादा

व्हिडिओ गेम या माध्यमाचा विचार मराठी समीक्षेत अभावानेच झालेला आहे. मुलांच्या करमणुकीचा प्रकार म्हणून त्याकडे पाहिले गेल्यामुळे त्यातील कथन, पात्रे आणि नैतिक पेच यांची चिकित्सा करण्याची निकड फारशी कोणास भासली नाही. वस्तुतः वाचकाला कृतीत सामील करून घेणारे हे माध्यम समीक्षेपुढे एक नवाच प्रश्न उभा करते : पात्राचा निर्णय जेव्हा वाचकालाच घ्यावा लागतो, तेव्हा त्या निर्णयाचे मोल कशाने ठरते? प्रस्तुत लेखात 'मार्व्हल : अल्टिमेट अलायन्स २' या अमेरिकन खेळाचा विचार प्रामुख्याने या प्रश्नाच्या अनुषंगाने केला आहे.

हा खेळ २००९ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने प्रकाशित केला. पहिला भाग २००६ चा. त्याची निर्मिती रेव्हन सॉफ्टवेअरची होती. दुसरा भाग मात्र व्हायकेरियस व्हिजन्स या संस्थेकडे सोपविण्यात आला. (वी, प्लेस्टेशन २ इत्यादी यंत्रांसाठीच्या आवृत्त्या इतर संस्थांनी तयार केल्या. त्या बऱ्याच वेगळ्या असल्याने येथे विचारात घेतलेल्या नाहीत.) चार महानायकांचा चमू घेऊन शत्रूंशी लढणे, लढता लढता पात्रांच्या शक्ती वाढविणे हा दोन्ही भागांचा सांगाडा समान आहे.

पहिल्या भागाचे कथानक डॉक्टर डूम या खलपुरुषाभोवती फिरणारे, अद्भुतरम्य आणि सैल होते. दुसऱ्या भागाने मात्र दोन गंभीर चित्रकथामालिकांचा आधार घेतला. ब्रायन मायकेल बेंडिस यांची 'सीक्रेट वॉर' (२००४-०५) आणि मार्क मिलर व स्टीव्ह मॅकनिव्हन यांची 'सिव्हिल वॉर' (२००६-०७) या त्या होत. निक फ्युरी लाटव्हेरिया या कल्पित देशावर गुप्त हल्ला घडवून आणतो, त्याचा सूड न्यूयॉर्कवर उगवला जातो. पुढे स्टॅमफर्ड येथील स्फोटात निरपराध नागरिक मारले जातात आणि महानायकांनी शासनाकडे नोंदणी करावी असा कायदा होतो. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूने, तर कॅप्टन अमेरिका विरोधात उभा राहतो. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या अमेरिकेतील सुरक्षा विरुद्ध स्वातंत्र्य हा वाद या मालिकेमागे आहे, हे अनेक वाचकांनी ओळखले होते. असा विषय खेळासाठी निवडणे हेच या कृतीचे पहिले बलस्थान होय.

दुसरे बलस्थान 'फ्युजन' या योजनेत आहे. कोणत्याही दोन नायकांच्या शक्ती एकत्र येऊन तिसरीच शक्ती निर्माण होते. आयर्न मॅनचा किरण वुल्व्हरिनच्या नख्यांवर आदळून चहूकडे विखुरतो. २४ पात्रांच्या गणिताने २७६ जोड्या होतात आणि निर्मात्यांनीही अडीचशेहून अधिक संयोगांचा दावा केला होता. प्रत्यक्षात हे संयोग तीनच प्रकारांत मोडतात आणि दृश्ये लवकरच पुन्हा पुन्हा दिसू लागतात, हे खरे. तरीही सहकार्य हेच सामर्थ्य, हा आशय संवादांतून न सांगता खेळण्याच्या क्रियेतून पोहोचतो. कथेत फूट पडल्यावर कॅप्टन अमेरिका आणि आयर्न मॅन एका चमूत घेता येत नाहीत. त्यांचा संयोग हातातून निसटतो. फुटीची किंमत खेळाडूला इतक्या थेटपणे येथे एकदाच मोजावी लागते, आणि या एका ठिकाणी रूप आणि आशय खरोखर एकजीव झाले आहेत.

पात्रविकासाच्या बाबतीत मात्र दुसरा भाग स्पष्टपणे उणा पडतो. पहिल्या भागात प्रत्येक नायकाला चार पोशाख होते, प्रत्येकाचे गुण वेगळे आणि ते वाढविता येत. शिवाय उपयुक्त वस्तू धारण करता येत. दुसऱ्या भागात वस्तूंची जागा साऱ्या चमूला मिळणाऱ्या पदकांनी घेतली आणि पर्यायी पोशाख एकेकच उरला. खेळ सुटसुटीत झाला, परंतु एखाद्या पात्राला सांभाळून घडविण्याचा जो आनंद या प्रकाराचा प्राण मानला जातो, तो क्षीण झाला.

याहून गंभीर दोष निवडीच्या मांडणीत आहे. खेळाडूला कायद्याची बाजू किंवा विरोध यांपैकी एक पत्करावा लागतो. पण पक्ष कोणताही असो, मोहिमांचे स्वरूप जवळपास सारखेच राहते, केवळ समोरचे चेहरे बदलतात. महाभारतात धृतराष्ट्रपुत्र युयुत्सू युद्धारंभी पक्ष बदलतो, तेव्हा तो भावांना, कुळाला मुकतो. येथे खेळाडू कशालाच मुकत नाही. तिसऱ्या अंकात सर्व नायक पुन्हा उपलब्ध होतात. कारण असे की, बंदिस्त खलनायकांना काबूत ठेवण्यासाठी वापरलेले सूक्ष्मयंत्रांचे जाळे स्वतःच सजीव होऊन 'द फोल्ड' नावाचा सामाईक शत्रू बनते. हा धोका नियंत्रणाच्या धोरणातूनच उपजलेला आहे. त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न विचारण्याची केवढी संधी होती! ती सोडून कथा दोन्ही पक्षांना हातात हात घालायला लावते आणि वाद मिटविण्याऐवजी पुसून टाकते. शेवट पक्षानुसार थोडा बदलतो, पण तोवर खेळाडूने काही गमावलेले नसते. मूळ चित्रकथेत संघर्षाची परिणती कॅप्टन अमेरिकाच्या शरणागतीत होते. त्या शोकात्म बाजूला खेळाने बगल दिली आहे.

विशेष म्हणजे वरवर उथळ भासणाऱ्या पहिल्या भागाने हे अधिक चांगले साधले होते. तेथे मेफिस्टोच्या राज्यात नाइटक्रॉलर आणि जीन ग्रे यांपैकी एकालाच वाचविता येते. ज्याला सोडले, त्याच्या मृत्यूचे दूरगामी परिणाम शेवटी 'वॉचर' हा साक्षीदार कथन करतो. निवड लहान, पण अपरिवर्तनीय. दुसऱ्या भागातील निवड मोठी आणि निष्परिणाम आहे. संवादांत आक्रमक, बचावात्मक, सामोपचाराचे असे तीन पर्याय दिलेले आहेत खरे. पण त्यांतून मिळतात ती प्रामुख्याने लढाईतील बक्षिसे, त्यामुळे भूमिका घेण्याचे रूपांतर लाभ मोजण्यात होते.

या कृतीच्या अभ्यासात एक व्यावहारिक अडचणही आहे. २०१६ मध्ये दोन्ही भाग नव्या यंत्रांसाठी पुन्हा उपलब्ध झाले आणि २०१८ मध्ये विक्रीतून काढून घेण्यात आले. २०१९ चा तिसरा भाग वेगळ्या संस्थेने, वेगळ्या कथानकावर आणि केवळ निन्टेन्डो स्विच या यंत्रासाठी केला. त्यामुळे आज दुसरा भाग वाचावयाचा, म्हणजे खेळावयाचा, तर जुनी तबकडी आणि चालू स्थितीतील जुने यंत्र मिळवावे लागते, किंवा ज्यांनी तो मागे घेण्यापूर्वी विकत घेतला होता, त्यांच्यावर अवलंबून राहावे लागते.