वाचक गोंधळला (३)

वाचक गोंधळला, हा लागला असणार (३).

स्क्रोल करायच्या आधी एक मिनिट थांबा. कंसातला ३ म्हणजे उत्तरात तीन अक्षरं आहेत. आपल्याकडे एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. आणि हे वाक्य बातमीसारखं वाचू नका, पाककृतीसारखं वाचा. कशाचं काय करायचं, ते त्यातच सांगितलंय.

‘वाचक’ या शब्दाला गोंधळू द्या. वा, च, क. इकडची अक्षरं तिकडे केली की च, क, वा. चकवा! रानात माणसाला त्याच त्या जागी फिरवत ठेवणारा. वाचक गोंधळला असेल तर त्याला चकवाच लागला असणार. म्हणजे हे वाक्य एकाच वेळी उत्तराचा अर्थ सांगतं आणि उत्तर बनवायची कृतीही. असा क्लू वर्षातून एखादा सुचतो. मला तो डॉकयार्ड रोड ते वडाळा या प्रवासात, कॉटन ग्रीनच्या आसपास सुचला आणि मी भर डब्यात एकटाच हसलो.

रोज सकाळी मी फोनवर इंग्रजी ‘क्विक क्रिप्टिक’ सोडवतो. गूढ शब्दकोड्याचं हे धाकटं भावंड. लंडनच्या ‘टाइम्स’ने ते २०१४ मध्ये सुरू केलं. जाळी लहान, १३ बाय १३, आणि क्लू नवख्याला झेपतील असे. मोठ्या गूढ कोड्यात तासभर डोकं आपटायची ज्यांची तयारी नाही, त्यांच्यासाठी. सहा महिने सोडवल्यावर प्रश्न पडला की हे मराठीत का नाही वाट्याला येत? आपल्या दैनिकांत शब्दकोडं असतं. पण ते सोडवताना मला चकवा कधी लागत नाही, फक्त जांभई येते.

हा प्रश्न मी घरी विचारला आणि चूक केली. आई म्हणाली, “शब्दकोडी? तो जुगार आहे. माझ्या बाबांना विचार.”

बाबा म्हणजे माझे आजोबा. ते १९८७ मध्ये गेले, त्यामुळे विचारायची सोय नाही. माझगावच्या गोदीत फिटर होते. आई पाळण्यात असताना ते एका साप्ताहिकातली बक्षिसाची शब्दकोडी भरायचे. एका प्रवेशपत्रिकेला काही आणे. एक भरून भागत नसे, कारण प्रत्येक क्लूला दोन-तीन उत्तरं बसायची. मग सगळ्या शक्यता पकडायला दहा-वीस पत्रिका. आजीच्या बांगड्या त्यात गेल्या. आईने हे आजीच्या तोंडून ऐकलंय, म्हणून तिला ते स्वतःच्या आठवणीपेक्षाही पक्कं ठाऊक आहे. आमच्या घरात पेपर यायचा, पण कोड्याचं पान आधी भाजी निवडायला घेतलं जायचं. मला वाटायचं, योगायोग असेल.

आईचा ‘जुगार’ हा शब्द रागातून आलेला आहे असं मी धरून चाललो होतो. मग कळलं की सर्वोच्च न्यायालयाचाही तोच शब्द आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात बक्षिसी शब्दकोड्यांचं पेव फुटलं होतं. मुंबई राज्याने १९४८ मध्येच लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणणारा कायदा केला होता. आर. एम. डी. चमारबागवाला यांची कोडी बंगळुरूहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ साप्ताहिकातून चालत आणि मुंबई राज्यातही त्या अंकाचा खप मोठा. कर लावल्यावर ते न्यायालयात गेले. म्हणणं असं, की हा आमचा व्यवसाय आहे आणि व्यवसायाचं स्वातंत्र्य घटनेने दिलंय. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. जुगाराला व्यापाराचं संरक्षण नाही. त्याच दिवशी याच मंडळींच्या दुसऱ्या खटल्यात केंद्राचा १९५५चा बक्षीस स्पर्धा कायदाही टिकला. एका महिन्यात एकूण हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षीस नको, अशी त्यात अट होती.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल घटनेतल्या कलमांसाठी पाठ करावा लागतो. मी तो साहित्य समीक्षेसारखा वाचला. मुद्दा हा, की या कोड्यांत तुमचं उत्तर बरोबर असून उपयोग नव्हता. ते संपादकाकडे आधीच ठेवलेल्या उत्तराशी जुळावं लागे. ‘गरिबाला याची किंमत कळते’ अशा धाटणीचा क्लू घ्या (हा माझाच बनवलेला). अन्न, धन, मन. जाळीत तिन्ही बसतात, अर्थाने तिन्ही चालतात. तुमची भाषा कितीही चांगली असली तरी पाकिटात काय आहे हे ती सांगू शकत नाही. म्हणजे ते कौशल्य नव्हे, ती सोडत.

आता आजच्या पेपरातलं साधं शब्दकोडं बघा. ‘सूर्य (२)’. रवी, भानू, मित्र, अर्क. चारही दोन अक्षरी, चारही बरोबर. आडव्या शब्दाचं एखादं अक्षर मिळेपर्यंत तुम्ही थांबायचं. इथे बांगड्या जात नाहीत, हे खरं. पण रचना तीच आहे. उत्तर कोडं रचणाऱ्याच्या पाकिटात, आणि तुमच्याकडे समानार्थी शब्दांची यादी. अशी कोडी शब्दसंपत्ती वाढवतात म्हणे. वाढवतात, पण मुदत ठेवीसारखी. त्यातलं खर्चायला काही मिळत नाही.

याच जागी असं लिहा: ‘पूर्वेला उगवणारा दोस्त (२)’.

आता रवी नाही, भानू नाही. मित्रच. दोन अर्थ, दोन्ही एका शब्दात मिळणारे, आणि सापडलं की दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही. पाकीट फोडायची गरजच उरत नाही, कारण उत्तर स्वतःची साक्ष स्वतः देतं. गूढ कोड्याला ‘गूढ’ म्हणतात, पण माझ्या मते ते साध्या कोड्यापेक्षा जास्त प्रामाणिक आहे. त्यात उत्तराकडे जायचे दोन रस्ते असतात, एक अर्थाचा आणि एक शब्दखेळाचा, आणि दोन्ही एकाच दारात येतात. पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात छापलं, त्यात फक्त अर्थाचा रस्ता होता. १९२६ पासून लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाचे गृहस्थ निव्वळ गूढ क्लू देऊ लागले. त्यांनी आपलं टोपणनाव एका छळकुट्या धर्माधिकाऱ्यावरून घेतलं होतं यावरून काय ते समजा. त्यांच्यानंतर ‘झिमेनिस’ने शिस्त आणली आणि १९६६ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. तिचा मथितार्थ असा की, वाक्य वाचकाला भलतीकडे नेवो बापडं, पण त्यातला एकही शब्द खोटं बोलता कामा नये आणि एकही शब्द बिनकामाचा नको.

ही शिस्त मराठीत लावून पाहताना मी स्वतःच पकडला गेलो. ‘वा, काय पुरुष! झाडावरच राहतो (३)’. वा अधिक नर, वानर. मित्रांना पाठवलं, हसण्याचे इमोजी आले. पण ‘काय’ काय करतोय तिथे? काहीच नाही. वाक्य छान वाटावं म्हणून उभा केलेला फुकटा. आणि सोडवणारा त्या ‘काय’चं काहीतरी करायला बघणार, बिचारा. ‘वा! पुरुष झाडावर? (३)’ असं केलं तेव्हा हसू कमी झालं, क्लू मात्र खरा झाला.

‘नदी उलटली की गरीब (२)’ हा माझा आवडता, कारण त्यात एक थेंबही जास्त नाही. नदी उलटी वाचली की दीन. पूर आला की होतं तेच. दिन लिहिलंत तर चूक. ‘नदी’तली वेलांटी दीर्घ आहे. शाळेत ज्या ऱ्हस्व-दीर्घासाठी मार खाल्ला ते इथे पहिल्यांदा एखाद्या कामाला येतं.

आणि एक असा, जो इंग्रजीत होऊच शकत नाही: ‘निवडणुकीत एकाला मिळते, दुसऱ्याला मिळतो (२)’. हार. पराभव असेल तेव्हा ती हार, फुलांचा असेल तेव्हा तो हार. सगळा खेळ ‘मिळते’ आणि ‘मिळतो’ या क्रियापदांच्या शेपटीत आहे. लिंग हे आपल्याला भाषेचं ओझं वाटतं. परभाषिक मित्र तर ‘तो खुर्ची, ती टेबल’ करत रडत असतात. इथे तेच ओझं किल्ली झालं.

सगळंच सोपं आहे असं नाही. मराठीची खरी अडचण सामान्यरूपात आहे. ‘वाचक गोंधळला’ चालतं, पण ‘वाचकाला गोंधळात टाका’ म्हटलं की ‘क’चा ‘का’ होतो आणि अक्षरं हातातून निसटतात. घोड्याला म्हणताच घोडा गायब. त्यामुळे ज्या शब्दाशी खेळायचंय तो वाक्यात कर्ता म्हणून, अंगाला प्रत्यय न लावता उभा राहिला पाहिजे. इंग्रजी रचनाकाराला ही डोकेदुखी नाही. म्हणूनच त्यांचे क्लू भाषांतरित करून चालणार नाही. मी करून पाहिलंय, सगळे मेले.

कुणी म्हणेल, हे परकं खूळ कशाला? परकी आहे ती जाळी. दंडीने काव्यादर्शात प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले. गोदाकाठच्या पार्थपुरात, म्हणजे आजच्या पाथरीला, सोळाव्या शतकात सूर्य पंडिताने असं काव्य रचलं की सुलट वाचलं तर रामकथा आणि उलट वाचलं तर कृष्णकथा. मोरोपंतांनी ओठ न मिटता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायण लिहिलं. पण मला या परंपरेचा झेंडा खांद्यावर घ्यायचा नाही. ती सगळी पंडितांची कसरत होती. वाचकाने खाली उभं राहून माना डोलवायच्या. क्विक क्रिप्टिकमध्ये कसरत वाचकाने करायची असते आणि रचणाऱ्याने फक्त दोरी घट्ट धरायची. हा फरक मला दंडीच्या सोळा प्रकारांपेक्षा मोठा वाटतो.

आमच्या वस्तीच्या नावाचंच घ्या. कुणी म्हणतं मच्छगाव, मासे पकडणाऱ्यांचं गाव, त्याचं माझगाव झालं. कुणी म्हणतं सरळ आहे, माझं गाव. दोन्ही फोडी कानाला पटतात, आणि खरी कोणती हे ठरवायला दुसरा रस्ता नाही. ‘सूर्य (२)’सारखंच झालं. म्हणून मी माझा क्लू केला:

सीमा झगा वर धरते, त्यात लपलेलं मुंबईचं जुनं बेट (४).

‘त्यात लपलेलं’ हे अक्षरशः घ्या. सीमातला ‘मा’, मग झगा, मग वरमधला ‘व’. डॉकयार्ड रोडच्या पुलाखाली गुडघाभर पाणी असताना मला ही सीमा दिसली, असं मी सांगतो. खरं तर आधी अक्षरं दिसली आणि मग सीमा.

हाच क्लू मी आईपुढे ठेवला. कागदावर, कारण फोनवर तिने वाचला नसता. तिने आधी विचारलं, “पैसे किती?” म्हटलं, पैसे नाहीत. “मग उत्तर कुणाकडे आहे?” म्हटलं, तिथेच आहे, वाक्यात. तिने चष्मा लावला. बोट सीमावरून झग्यावर, झग्यावरून वरवर गेलं, आणि तिथेच थांबलं. “आपलं माझगाव की रे,” ती म्हणाली. मग कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. काही नव्हतं.

मग तिने एकामागून एक सगळे मागून घेतले. हार तिने माझ्याआधी सोडवला असता. ‘वा, काय पुरुष’ हा जुना क्लू चुकून त्याच कागदावर राहिला होता, तर “यातला ‘काय’ कशाला?” हे तिने न सांगता विचारलं. मला हे कळायला दोन आठवडे लागले होते.

रात्री भांडी आवरताना ती अचानक म्हणाली, “माझा एक घे. पुढून वाच, मागून वाच, सारखंच, बाबा बांधायचे.” आणि ओला हात वर करून तीन बोटं दाखवली.