त्रिमाल्किओचं थडगं आणि रायप्पाचा रावण

पेट्रोनियसच्या 'सॅटिरिकॉन' या रोमन कादंबरीतला त्रिमाल्किओ माझा फार आवडता गृहस्थ. मूळचा गुलाम, पुढे गडगंज शेठ. जेवणघरात याचं घड्याळ आणि शेजारी तुतारीवाला. कशाला? तर आयुष्य किती सरलं हे वेळोवेळी कळावं म्हणून! आमच्या चंद्रपुरात हे काम उन्हाळा फुकट करतो.

ऐन पंगतीत चांदीचा सांगाडा येतो, मृत्युपत्राचं वाचन होतं, थडग्याचं माप ठरतं: समोरून 100 फूट, आत 200. वर राखणदार, कारण लोक तिथे परसाकडे बसतील ही धास्ती. मधोमध घड्याळ, म्हणजे वेळ बघणाऱ्याने झक मारत नाव वाचावं. शेवटी शेठजी स्वतःच्याच मयतीची तालीम घेतात. तो गलका ऐकून बंबवाल्यांना वाटतं आगच लागली; ते दार फोडून, पाणी-कुऱ्हाडी घेऊन आत!

पंडित म्हणतात, ही नवश्रीमंताची टवाळी. असेल बापा! पण नुसती टवाळी असती तर हसू दोन पानांत आटलं असतं. ते आटत नाही, कारण शेठजींची भीती आपल्याच घरची आहे: गेल्यावर आपलं नाव कोण घेणार?

आमच्या लालपेठला या. रायप्पा कोमट्याने म्हणे मोठं देऊळ योजलं, अखंड दगडांच्या अवाढव्य मूर्ती घडवून घेतल्या आणि देवळाआधी स्वतःच गेला. मूर्ती राहिल्या उघड्यावर. दहा तोंडांच्या दुर्गेला तर लोक खुशाल रावण म्हणतात! पण गंमत बघा, देऊळ पुरं होतं तर लोकांनी देवाचं नाव घेतलं असतं; अर्धवट राहिलं म्हणून रायप्पाचं घेतात. तिकडे भामरागडकडे माडिया लोक मेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात. त्याला ना घड्याळ, ना राखणदार. गाव आठवण ठेवतं, झालं.

नीरोची मर्जी गेली तेव्हा, इ.स. 66 मध्ये, पेट्रोनियसने शिरा कापून घेतल्या, मधूनमधून बांधल्या आणि मित्रांकडून हलकीफुलकी गाणी ऐकली. तत्त्वज्ञान नको म्हणाला. त्रिमाल्किओची भीती ज्याने इतक्या मायेने लिहिली, तो स्वतः असा गेला, हे कळल्यावर ती पंगत मला पुन्हा वाचावीशी वाटली.

कादंबरीही आज तुकड्यांतच उरली आहे, लालपेठच्या मूर्तींसारखी. मिळाली तर जरूर वाचा. मात्र जेवण झाल्यावर. आधी वाचलीत तर सांगाडा आठवून घास उतरायचा नाही.