दवबिंदूचा संकर आणि वंध्यत्वाचे अध्यापन

पदवी वर्गात दवबिंदू, अर्थात ड्रॉसेरा, शिकवला जातो तो पानांवरील चिकट केसांनी किडे पकडणारी वनस्पती म्हणून. १८७५ साली डार्विनने कीटकभक्षी वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात तिला मोठी जागा दिली; तीच ओळख रूढ झाली. अनुवंशशास्त्रातील तिचे स्थान मात्र उपेक्षित राहते आणि ‘दोन जातींचा संकर वंध्य असतो’ हे अर्धसत्य विद्यार्थी सिद्धांत म्हणून पाठ करतात.

स्वीडिश शास्त्रज्ञ रोसेनबर्ग यांनी ड्रॉसेरा रोटुंडिफोलिया (२० गुणसूत्रे) व आज अँग्लिका या नावाने ओळखली जाणारी जाती (४०) यांच्या संकराचा सविस्तर अभ्यास १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. संकरात गुणसूत्रे ३०. अर्धसूत्री विभाजनात त्यांच्या दहा जोड्या जुळतात. उरलेली दहा एकाकी राहून कशीही विखुरतात व जननपेशी निकामी होतात. म्हणजे येथे वंध्यत्वाचे कारण जोडीदाराचा अभाव हे आहे. संख्या दुप्पट झाली की तो अभाव संपतो. जपानमधील ड्रॉसेरा टोकाइएन्सिस ही रोटुंडिफोलिया (२०) आणि स्पॅट्युलाटा (४०) यांच्या संकरातून अशीच उद्भवली. तिची गुणसूत्रे ६० असून ती सुफल आहे. अँग्लिकाचा उगमही रोटुंडिफोलिया व लिनिअरिस यांच्या संकरातून झाला असे मानले जाते. रोसेनबर्ग यांना दहा जोड्या का दिसल्या, याचा उलगडा त्यातून होतो.

शेगावच्या विद्यार्थ्याला दवबिंदू अपरिचित असेल, कपाशी नाही. आणि कपाशीची कथा नेमकी हीच आहे. देशी कपाशी (२६) व अमेरिकन कपाशी (५२) यांचा ३९ गुणसूत्रांचा संकर वंध्य असतो. कोल्चिसिनने संख्या ७८ केल्यास तो सुफल होऊ शकतो. अमेरिकन कपाशी स्वतःच प्राचीन संकराची दुप्पट झालेली संतती आहे! उलट १९७० चा एच-४ हा एकाच जातीतील संकर, तर १९७२ ची वरलक्ष्मी दोन जातींतील. पण तिच्या दोन्ही पालकांत गुणसूत्रे ५२, म्हणून बोंडांत सरकी धरते. शेतकरी दरवर्षी नवे संकरित बियाणे घेतो ते पुढील पिढीत गुण विखुरतात म्हणून. घरची सरकी उगवत नाही म्हणून नव्हे. हा भेद कास्तकाराच्या मुलालाही सांगता येत नसेल, तर उणीव त्याच्या आकलनात नसून आपल्या पाठात आहे. ड्रॉसेराच्या तीस गुणसूत्रांची आकृती फळ्यावर काढण्यास दहा मिनिटे पुरतात.