पेहराव कोण ठरवतं?

मराठी समीक्षेनं कविता, कादंबरी, नाटक, चित्रपट यांचा कीस काढला. पण माणूस रोज सकाळी अंगावर काय चढवतो, याकडे तिनं कला म्हणून क्वचितच पाहिलं. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांचा भारतीय वेशभूषेवरचा ग्रंथ १९५१ साली आला, तोही इंग्रजीत. त्यानंतर आपल्याकडे कपड्यांवर जे लिहिलं जातं ते बहुधा दोन प्रकारचं असतं: पैठणीचं कौतुक, नाहीतर ‘आता सगळं संपलं’ म्हणून काढलेला गळा. दोन्ही प्रकारांत कपडा म्हणजे जपायची वस्तू. तो कोणी निवडला, कोणी बेतला आणि त्याचा पैसा कोणाकडे गेला, हे कोणी विचारत नाही. या लेखाचं म्हणणं असं की पेहरावातून घडणारी ओळख जुनेपणावर ठरत नाही; ती ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे त्यावर ठरते. हे तपासायला मुंबईच्या फॅशन शोपेक्षा शहाद्याला लागून असलेलं लोणखेडा अधिक उपयोगाचं आहे.

लोणखेडा नंदुरबार जिल्ह्यात येतं. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार इथले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. शहादा तालुक्याची सपाटी मात्र तापी-गोमाईच्या काळ्या जमिनीची. ऊस, कापूस, केळी, पपई पिकवणाऱ्या गुजर-पाटील शेतकऱ्यांची. लोणखेड्यात पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या शिक्षणसंस्था आहेत. त्यामुळे सपाटीवरची मुलं आणि सातपुड्याच्या पाड्यांवरून शिकायला येणारी भिल्ल, पावरा मुलं इथे एकाच आवारात वावरतात. त्यांच्या अंगावरच्या जीन्स, कुर्ती, टी-शर्टवरून कोण कुठलं हे सांगता येत नाही. त्यांच्या आज्यांच्या बाबतीत ते लांबूनही सांगता आलं असतं, कारण लुगडं नेसण्याची पद्धत, घाघरा, फडकी, पायांतली चांदी यांवरून जमात, गाव, कधीकधी घरची ऐपतसुद्धा कळत असे. मधल्या दोन पिढ्यांत जे घडलं त्याला ‘ऱ्हास’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण पुराव्याला धरून नाही.

कारण पहिला बदल आवडीनिवडीतून आला नाही, तो दळणवळणातून आला. तापी खोऱ्यातली रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली आणि नंदुरबारचा बाजार सुरतेला जोडला गेला. त्याआधी खानदेशात स्वतःची छपाई आणि रंगाई होती. फैजपूर छापील सुती कापडासाठी आणि निळीच्या रंगासाठी ओळखलं जाई. गिरणीच्या आणि पुढे कृत्रिम धाग्याच्या कापडानं हा धंदा बसवला. आज शहाद्याच्या बाजारात लटकणारी स्वस्त छापील साडी, गाऊन, ड्रेस मटेरियल यांतला मोठा वाटा सुरतेहून येतो. विरोधाभास असा की कापूस इथलाच. शहाद्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली, कापसाचं सूत झालं. पण विणाई, छपाई आणि शिलाई यांची मोठी साखळी मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सुरत इथेच राहिली. म्हणजे कच्चा माल आपला, अंग आपलं आणि मधला सगळा निर्णय दुसऱ्याचा. कोणता रंग, कोणतं फूल, कोणती किनार हे ठरवणारा माणूस तापीच्या या भागाला गिऱ्हाईक म्हणून ओळखतो, रसिक म्हणून नाही.

सत्तेनंही पेहरावाचा उपयोग नेहमीच ओळखला होता. १८२५ मध्ये जेम्स आउट्रॅमनं खानदेश भिल्ल पलटण उभी केली, तेव्हा तीरकामठेवाल्यांना इंग्रजी राज्यात सामावून घेण्याच्या साधनांत पगार आणि कवायतीइतकाच गणवेशही होता. याच्या उलट दिशेचं उदाहरण जवळपास शंभर वर्षांनंतरचं. १९२२-२३ च्या देवी आंदोलनात दक्षिण गुजरात आणि पश्चिम खानदेशातल्या आदिवासींनी दारू-मांस सोडलं, रोज अंघोळ सुरू केली; सुरतेकडच्या अनेकांनी पुढे खादीही घातली. वरवर पाहता ते उच्चवर्णीयांचं अनुकरण होतं. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी मात्र दाखवून दिलं की दारूवाल्या पारशांच्या आणि सावकारांच्या वर्चस्वाला दिलेलं ते आव्हान होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना साडी नेसण्याची जुनी पद्धत आणि जात सांगणारे कथील-चांदीचे जड दागिने टाकून द्यायला सांगितलं, तेही याच जाणिवेतून. परंपरा टिकवणं हाच एकमेव निकष मानला, तर या दोन्ही घटना सांस्कृतिक नुकसानीच्या खात्यात टाकाव्या लागतील. तो निष्कर्ष हास्यास्पद आहे. म्हणजे निकषच चुकीचा आहे.

आता आजच्या काळातलं सर्वांत बोलकं उदाहरण. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना तरुण मुलींचे घोळके एकाच रंगाचं कापड घेऊन, एकाच बेताचं शिवून बाजारात उतरतात. कापड कृत्रिम, शिलाई मशीनची, काठाला चमकी. पण रंग मैत्रिणींनी मिळून ठरवलेला आणि वर चांदी खरी, नाहीतर तिच्यासारखी दिसणारी. संग्रहालयाच्या दृष्टीनं हे अस्सल नाही. कलेच्या दृष्टीनं मात्र ही जिवंत फॅशन आहे: दरवर्षी बदलणारी, आपसांतल्या चढाओढीतून पुढे जाणारी, पाहणाऱ्यांच्या टीकेला तोंड देणारी. इथे सुरतेचं कापड आहे, पण शेवटचा निर्णय सुरतेचा नाही.

याच होळीचं दुसरं टोक अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावी दिसतं. बावा, बुध्या होणारे पुरुष अंगावर राखेची नक्षी काढतात, कमरेला घुंगरं आणि सुके भोपळे बांधतात, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप चढवतात. त्याआधी काही दिवस ते पाळणी पाळतात, म्हणजे आहार-विहाराचे नियम सांभाळतात. तो साज त्या व्रताचा भाग असतो. हाच साज शासकीय महोत्सवाच्या मंचावर, मंत्र्याच्या स्वागताला किंवा पर्यटनाच्या जाहिरातीत येतो तेव्हा पाळणी गळून पडते आणि उरतो तो पोशाख. मंचावर जाऊच नये असं नाही. कलावंताला मानधन आणि मान मिळत असेल तर तीही त्याची निवड. पण नाचाची लांबी, रांगेची जागा, टोपाचा रंगसुद्धा आयोजक ठरवू लागला की परंपरेच्या नावाखाली नवा गणवेशच तयार होतो. भोंगऱ्यातली चमकी नकली ठरवणारे आणि मंचावरचा टोप अस्सल म्हणून गौरवणारे हा फरक नेमका उलटा लावतात.

गणवेशाचा प्रश्न शाळेतही तसाच. २०२४-२५ मध्ये राज्यानं ‘एक राज्य एक गणवेश’ राबवला. निर्णय वरून, कापड वरून, शिलाई बचत गटांकडे. कपडे वेळेवर पोहोचले नाहीत, मापं चुकली, शिवण उसवली अशा तक्रारी आल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावा लागला. समतेसाठी गणवेश हवा, हे मान्य. पण मुंबईच्या दमटपणात आणि नंदुरबारच्या उन्हाळ्यात एकच कापड, एकच बेत चालेल असं मानणं ही समता नाही. ती मोजमापाची टाळाटाळ आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बहुतेक लोकांसाठी कपडा ही सोय आहे, त्यावर ओळखीचं ओझं कशाला? बाईनं लुगडं सोडून गाऊन घातला तो कामाला सुटसुटीत म्हणून. अगदी खरं. पण घराबाहेर पडताना त्याच गाऊनवर ती टॉवेल किंवा ओढणी टाकते, तेव्हा सोय आणि लोकलाज यांच्यातला समझोता तिनं स्वतः बेतलेला असतो. सोयीतही संस्कृती काम करते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बाजारानं निवड वाढवली, पूर्वी जातीनं ठरवलेलं लुगडं आता कोणीही नेसू शकतं. हेही खरं आणि मोलाचं. मात्र शंभर नग समोर असणं आणि शंभरांपैकी एकाच्या घडणीत आपलं मत असणं यांत अंतर आहे. पहिलं बाजार देतो. दुसरं त्याच्या हिशेबात बसत नाही. चांदीचा भाव वाढत गेला तसे नकली दागिने आले, हा बाजाराचा सोयीचा उपाय. पण जी चांदी बाईची स्वतःची बचत होती आणि अडीनडीला गहाण टाकता येत होती, तिची जागा नकली कडं घेत नाही. तिसरा आक्षेप ‘जपणूक’वाल्यांचा: भौगोलिक मानांकन द्या म्हणजे कला वाचेल. वारली चित्रांना ते मिळालं, जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्रीही मिळाली. तरीही वारली आकृत्या साड्या, कप, भिंती यांवर छापणाऱ्या अनेकांचा वारली पाड्यांशी संबंध नसतो. मानांकन नावाचं रक्षण करतं, निर्णयाचं नाही.

म्हणून आजच्या वेशकलेची स्थिती मोजायची तर तीन प्रश्न पुरेत. घालणाऱ्याला कपडा बदलण्याचा आणि नाकारण्याचा अधिकार आहे का? बेतणारा माणूस घालणाऱ्याच्या हाकेच्या अंतरावर आहे का? आणि पैशाचा काही भाग तिथेच राहतो का? या कसोटीवर सरकारी गणवेश आणि महोत्सवी मंच नापास होतात, सुरतेची साडी काठावर अडते आणि भोंगऱ्यासाठी शिवलेला एकरंगी जोड चांगल्या गुणांनी पास होतो. लोणखेड्याच्या परिसरात कापूस आहे, सूत आहे, शिवणारे आहेत, शिकलेली मुलं आहेत. नाही ती विणाई, छपाई आणि आराखडा यांची मधली कडी. ती उभारणं हे सांस्कृतिक धोरणाचं काम आहे, आणि त्यासाठी आणखी एक महोत्सव भरवण्यापेक्षा एक छपाईचा कारखाना आणि आराखडा शिकवणारा एक अभ्यासक्रम अधिक कामाचा ठरेल. समीक्षेचंही यात काम आहे: शहाद्याच्या टेलरनं यंदा काय बेत काढला, याची दखल तिनं एखाद्या कवितासंग्रहाइतक्याच गांभीर्यानं घेतली पाहिजे.