इंग्रजी नातेवाचक शब्द आणि नॉर्मन विजय : एका उपपत्तीची चिकित्सा

इंग्रजीतील 'फादर', 'मदर', 'ब्रदर', 'सन', 'डॉटर' हे शब्द जर्मानिक वारशातील असून 'अंकल', 'आंट', 'नेफ्यू', 'नीस', 'कझिन' हे जुन्या फ्रेंचमधून आले, हे सर्वमान्य आहे. त्यावरून पुष्कळदा असे अनुमान काढले जाते, की १०६६ च्या नॉर्मन विजयाने इंग्रजांची कुटुंबकल्पनाच पालटली व पितृपक्ष-मातृपक्ष हा भेद पुसून टाकला. हे अनुमान पुराव्यावर टिकत नाही.

भेद होता, हे निर्विवाद. प्राचीन इंग्रजीत काका 'फॅडेरा', मामा 'एआम', आत्या 'फाथु' व मावशी 'मोद्रिये' असे चार स्वतंत्र शब्द होते. मराठी अभ्यासकाला ही व्यवस्था परकी वाटणार नाही. त्याच भाषेतील 'स्नोरु' (सून) व 'टाकोर' (दीर) हे शब्द तर संस्कृत 'स्नुषा' व 'देवृ' यांचे सगोत्रच होत.

परंतु लॅटिनमध्येही 'पत्रुउस', 'अवुंकुलुस', 'अमिता', 'मातेर्तेरा' असे चार शब्द होते. फ्रेंचमध्ये त्यांपैकी दोनच उरले. मामावाचक शब्दापासून 'अंकल' व आत्यावाचक शब्दापासून 'आंट' सिद्ध झाला, आणि दोन्ही शब्द उभय पक्षांना लागू झाले. तेथे हा भेद कोणत्याही नॉर्मन विजयामुळे लोपला नाही. जर्मन भाषेनेही पुढे 'ओहाइम' व 'मूमे' मागे सारून फ्रेंचमधून 'ओंकेल' व 'तांते' स्वीकारले. जर्मनीवर नॉर्मनांचे राज्य कधीच नव्हते. शिवाय इंग्रजी लेखनात 'अंकल' आढळू लागतो तो तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे विजयानंतर दोन शतकांहून अधिक काळाने.

याहून महत्त्वाचा मुद्दा समाजरचनेचा आहे. अँग्लो-सॅक्सन समाजात नाते पिता व माता या दोहोंकडून मोजले जाई, असे लोरेन लँकेस्टर यांनी १९५८ मध्ये प्रतिपादन केले. ते ग्राह्य धरल्यास चार शब्दांची व्यवस्था उभयपक्षी समाजातही नांदत होती असे ठरते. मग शब्द गेले म्हणून समाजरचना बदलली, या तर्काचा आधारच ढासळतो.

तात्पर्य, नॉर्मन विजय हा नवे शब्द कोठून आले याचे उत्तर देतो. जुना भेद का लोपला याचे नव्हे. उसना शब्द हा संपर्काचा पुरावा होय. त्यालाच समाजपरिवर्तनाचा पुरावा मानणे म्हणजे जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरणे होय.