मोजपट्टी आणि भाषा : कॅथरीन लॉर्ड यांच्या स्वमग्नता-संशोधनाचे परीक्षण

मानसशास्त्रातील एका संशोधिकेच्या कार्याचे परीक्षण भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने करावे, हे प्रथमदर्शनी अनधिकाराचे वाटण्याचा संभव आहे. परंतु स्वमग्नतेच्या अभ्यासाचा आरंभच मुळी भाषेच्या निरीक्षणाशी निगडित आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यांपैकी आठ बोलत होती व तीन बोलत नव्हती. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे उच्चारणे आणि त्यामुळे स्वतःचा निर्देश ‘तू’ असा करणे, या गोष्टी कॅनर यांनी मुद्दाम नोंदविल्या. ज्या विषयाच्या उंबरठ्यावरच सर्वनामाचा प्रश्न उभा आहे, त्याकडे भाषाभ्यासकाने पाठ फिरविणे युक्त नव्हे. कॅथरीन लॉर्ड या अमेरिकन विदुषींची सुमारे अर्धशतकाची कारकीर्द या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. कारण त्यांच्या संशोधनात भाषा ही मोजावयाची वस्तूही आहे आणि मोजपट्टीही आहे. त्या कार्याचे सामर्थ्य या दुहेरी भूमिकेत आहे आणि त्याची मर्यादाही तेथेच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

डॉ. लॉर्ड यांचे पदवीपर्यंतचे शिक्षण लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात झाले, आणि तेथेच ईवार लोवास यांच्या प्रयोगांच्या निमित्ताने स्वमग्न मुलांशी त्यांचा प्रथम परिचय झाला. १९७६ मध्ये त्यांनी हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली. पुढे नॉर्थ कॅरोलायना, शिकागो, मिशिगन, कॉर्नेल अशा विद्यापीठांतून काम करून २०१८ मध्ये त्या पुन्हा लॉस एंजेलिसला आल्या. स्थळे पालटली, तरी मूळ प्रश्न पालटला नाही. एका भेटीत दिसलेले मूल आणि वर्षानुवर्षे वाढत जाणारे तेच मूल, या दोहोंतील नाते कसे जाणावे, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नासाठी प्रथम विश्वसनीय साधन हवे होते. ‘ऑटिझम डायग्नॉस्टिक ऑब्झर्व्हेशन शेड्यूल’, संक्षेपाने ‘एडॉस’, ही निरीक्षणपद्धती डॉ. लॉर्ड यांनी मायकेल रटर व इतर सहकाऱ्यांसह १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. साबणाचे फुगे, बाहुलीचा वाढदिवस, थोडा खाऊ, चित्रांचे पुस्तक असे साधे प्रसंग निरीक्षक मुलापुढे मांडतो आणि मूल त्यांत कसे सहभागी होते ते ठरलेल्या निकषांनी नोंदवितो. मोठ्या माणसांशी काम, मैत्री, एकटेपणा यांविषयी संभाषण होते. पालकांच्या मुलाखतीची जोडपद्धती १९९४ मध्ये सुधारित रूपात आली.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एडॉसच्या आवृत्तीत चार विभाग होते, आणि ते मुख्यतः भाषेच्या पातळीवरून पाडलेले होते. न बोलणाऱ्या किंवा सुटे शब्द बोलणाऱ्यांसाठी पहिला विभाग, लहान पदबंध बोलणाऱ्यांसाठी दुसरा, ओघवते बोलणाऱ्या मुलांसाठी तिसरा आणि तसेच बोलणाऱ्या किशोर व प्रौढांसाठी चौथा. या विभागणीमागील तत्त्व मोलाचे आहे. मूल बोलत नाही, एवढ्यावरून ते स्वमग्न ठरत नाही. निव्वळ भाषाविकासाचा विलंबही तेथे असू शकतो. म्हणून भाषेची पातळी आधी निश्चित करावयाची आणि मग त्या पातळीवर नजर, हावभाव व दुसऱ्याबरोबर एखाद्या वस्तूकडे लक्ष देणे यांचा शोध घ्यावयाचा. भाषेची रचना आणि भाषेचा व्यवहार यांत भाषाशास्त्र जो भेद करते, त्याचाच हा उपयोजित आविष्कार म्हणता येईल.

साधन सिद्ध होत असतानाच १९९० नंतरच्या वर्षांत डॉ. लॉर्ड यांनी नॉर्थ कॅरोलायना व शिकागो येथे लहान वयात तपासणीसाठी आलेल्या मुलांचा गट निवडला आणि सुमारे दोन वर्षांच्या वयापासून प्रौढपणापर्यंत त्याचा पाठपुरावा केला. दुसऱ्या वर्षी अनुभवी तज्ज्ञाने केलेले स्वमग्नतेचे निदान नवव्या वर्षीही बहुधा टिकते, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. भाषेचे चित्र मात्र निराळे निघाले. दोन वर्षांच्या वयात जवळजवळ सारखी भासणारी मुले नवव्या वर्षी भाषेच्या बाबतीत एकमेकांपासून फार दूर गेलेली होती. सुमारे एकोणीस वर्षे वयाच्या ८५ जणांवरील २०१४ च्या निबंधात सुमारे ९ टक्के तरुणांमध्ये निदानाचे निकष पूर्ण होत नव्हते. लक्षणांच्या तीव्रतेचे चित्र मात्र बहुतेकांत स्थिर होते. म्हणजे लक्षणे पुष्कळशी टिकतात आणि भाषा पुष्कळशी बदलते, असा दुपदरी निष्कर्ष निघतो. दोन वर्षांच्या मुलाचे भवितव्य एका बैठकीत सांगून टाकणाऱ्यांनी त्याचा दुसरा पदर विसरू नये.

आपल्याच क्षेत्रातील नावांकडे संशयाने पाहण्याचे धैर्य डॉ. लॉर्ड यांच्या ठायी आहे. बारा केंद्रांतील दोन हजारांहून अधिक मुलांविषयीचा त्यांचा व सहकाऱ्यांचा निबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ही केंद्रे एकच प्रमाणित साधने वापरीत होती. तरीही मुलाला ‘ऑटिझम’ म्हणावयाचे, ‘ॲस्पर्गर’ म्हणावयाचे की तिसरे नाव द्यावयाचे, हे मुलाच्या गुणविशेषांपेक्षा मूल कोणत्या केंद्रात तपासले गेले यावरच अधिक अवलंबून असल्याचे आढळले. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसंहितेने ही पोटनावे रद्द करून एकच ‘स्वमग्नता वर्णपट’ स्वीकारला. ज्या कार्यगटाने त्याचा मसुदा केला, त्याच्या डॉ. लॉर्ड सदस्य होत्या.

आता मर्यादेकडे वळू. एडॉसच्या दुसऱ्या विभागात प्रवेश मिळण्यासाठी मुलाने पाठ केलेले नव्हे, तर स्वयंस्फूर्त, तीन शब्दांचे आणि अधूनमधून क्रियापद असलेले पदबंध वापरावेत, अशी अपेक्षा असते. इंग्रजीसारख्या भाषेत ही कसोटी सोयीची आहे. तेथे पुरुष, काळ आणि क्रिया यांना बहुधा वेगवेगळे शब्द लागतात. मराठी मूल ‘देशील?’ एवढेच म्हणते, तेव्हा त्या एका शब्दात क्रिया, भविष्यकाळ, द्वितीय पुरुष, एकवचन आणि विनंती ही सर्व सामावलेली असतात. शब्द मोजले तर हे मूल पहिल्या पायरीवर राहते. प्रत्यय मोजले तर ते बरेच पुढे गेलेले असते. सर्वनामाच्या अदलाबदलीचेही तसेच आहे. ‘जेवतोस?’ हा आईचा प्रश्न मूल भूक लागली असता जसाच्या तसा परत उच्चारते असे समजा. येथे पुरुषाची अदलाबदल आहे, पण सर्वनाम कोठेच नाही. ती प्रत्ययात दडलेली आहे. केवळ ‘मी’ आणि ‘तू’ शोधणाऱ्या निरीक्षकाच्या कानांतून ती सहज निसटेल. हा दोष डॉ. लॉर्ड यांच्या तत्त्वाचा नव्हे. भाषेची पातळी आधी पाहा, हे तत्त्व खरेच आहे. परंतु ‘शब्द’ हे त्या पातळीचे परिमाण प्रत्येक भाषेत सारखे भरत नाही. असे साधन दुसऱ्या भाषेत नेणे म्हणजे केवळ सूचनांचे भाषांतर करणे नव्हे. त्या भाषेच्या रूपविचाराचा पाया त्याला घालावा लागतो.

दुसरा आक्षेप नावाविषयी आहे. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या आयोगाच्या एक अध्यक्षा म्हणून डॉ. लॉर्ड यांनी २०२१ मध्ये ‘प्रोफाउंड ऑटिझम’ ही संज्ञा पुढे आणली. ज्यांना अत्यल्प भाषा आहे वा मुळीच नाही, किंवा ज्यांचा बुद्ध्यंक फार कमी आहे, आणि ज्यांच्याजवळ चोवीस तास प्रौढ व्यक्ती असावी लागते, अशांसाठी ती आहे. या व्यक्ती संशोधनातून वगळल्या जातात आणि बोलू शकणाऱ्यांच्या गजबजाटात त्यांच्या गरजा दिसेनाशा होतात, हा आयोगाचा युक्तिवाद दुर्लक्षिण्यासारखा नाही. आठ वर्षांखालील मुलांना ही संज्ञा लावू नये, ही आयोगाची मर्यादा डॉ. लॉर्ड यांच्या स्वतःच्या निष्कर्षांशी सुसंगतच आहे. अनेक स्वमग्न व्यक्तींनी या संज्ञेला विरोध केला. त्या वादात न शिरता एक भाषाशास्त्रीय भेद मात्र सांगितला पाहिजे. वाणी नसणे आणि भाषा नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जो उच्चारीत नाही, तो समजत नाही असे नव्हे. तो लिहून, चित्रे दाखवून वा हातवारे करून काही सांगत असेल. ज्या साधनाने भाषेला मोजपट्टी केले, त्याच्या कर्त्रीकडून हा भेद अधिक ठळकपणे मांडला जाण्याची अपेक्षा होती.

या प्रदीर्घ पाठपुराव्याची आणखी एक सीमा नोंदविली पाहिजे. त्यातील मुले आज तिशीत आहेत. स्वमग्न माणसाचे म्हातारपण कसे असते, आईवडिलांच्या मागे त्याचे काय होते, याचे उत्तर या संशोधनात अद्याप यावयाचे आहे. शिवाय हे सर्वजण लहानपणीच तज्ज्ञांपर्यंत पोहोचलेले होते. जे कधीच पोहोचले नाहीत, त्यांची जीवनरेषा याहून वेगळी असू शकेल.

असे असूनही या कारकीर्दीचे ऋण मान्य करावे लागते. एकदा पाहून नाव ठेवण्यापेक्षा पुन्हा पुन्हा पाहावे आणि आपण दिलेले नाव चुकले असेल तर तेही पाहावे, ही शिस्त तिने घालून दिली. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश झाला. तेव्हापासून निदान हा मुलाच्या हक्काचाही प्रश्न झाला आहे. मराठी मूल कोणत्या वयात कोणते प्रत्यय वापरू लागते, याची विस्तृत नोंद जोवर आपल्या विभागांतून होत नाही, तोवर त्या मुलाला परभाषेच्या मोजपट्टीने मोजले जाण्याचा धोका राहील. ते काम मानसशास्त्रज्ञांनी आपल्यासाठी करावे, अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. ते आपलेच आहे.